नराच्या यकृतावरून स्त्रीची मात्रा

औषधाच्या वेष्टनावर प्रौढांसाठी म्हणून जी मात्रा छापलेली असते, तिच्यातील ‘प्रौढ’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. वयाची अठरा वर्षे ओलांडली की शेतमजूर असो वा कारकून, जेमतेम पाच फूट उंचीची गृहिणी असो वा सहा फुटी पोलीस शिपाई, सारे या एका शब्दात सामावले जातात. मतपेटीपुढे सर्व प्रौढ समान असावेत हे लोकशाहीला शोभणारेच आहे. परंतु यकृत म्हणजे मतदान केंद्र नव्हे. पोटात गेलेल्या गोळीने रक्तात किती काळ रेंगाळायचे याचा निवाडा बव्हंशी यकृतातील विकरे करीत असतात, आणि ही विकरे नर व मादी यांच्यात एकसारखीच असतात असे मानण्यास आधार नाही. ही गोष्ट विज्ञानाला आज नव्वदांहून अधिक वर्षे ठाऊक आहे. ठाऊक असूनही व्यवहारात तिची दखल घेण्यास इतका विलंब का लागला, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांनी आपापसांत चघळावा असा नाही. ज्या घरात आई, बहीण वा पत्नी रोज एखादी गोळी घेते, त्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध पोहोचतो.

या कथेचा आरंभ १९३२ साली एका क्षुल्लक वाटणाऱ्या निरीक्षणाने झाला. प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांना शस्त्रक्रियेपूर्वी गुंगी आणण्यासाठी बार्बिट्युरेट वर्गातील एक औषध वापरले जात असे. ते वापरताना निकोलस आणि बॅरन या संशोधकांच्या ध्यानात आले की, नराला जितके औषध द्यावे लागते त्याच्या सुमारे निम्म्यातच मादीचे काम भागते. नराची मात्रा मादीला दिली तर ती प्रमाणाबाहेर होते. पाच वर्षांनी, १९३७ मध्ये, होल्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्गातील दुसऱ्या औषधाबाबत तोच अनुभव नोंदवला: एकाच प्रमाणात औषध दिले असता मादी नराहून कितीतरी अधिक वेळ झोपून राहते. नराला खच्ची केले तर त्याची झोप लांबते आणि मादीला पुरुषसंप्रेरक टोचले तर तिची झोप आखूड होते, हेही कळून आले. तेव्हा हा फरक शरीराच्या आकाराचा नसून संप्रेरकांच्या कारभाराचा आहे, इतके तरी त्याच वेळी स्पष्ट व्हायला हरकत नव्हती.

झोपेचा हा फरक मेंदूत उपजत नाही, यकृतात उपजतो, हे १९५८ साली सिद्ध झाले. क्विन, अ‍ॅक्सेलरॉड आणि ब्रॉडी यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या यकृतात औषधाचे विघटन किती वेगाने होते याची मोजदाद केली. नर उंदराचे यकृत औषध झपाट्याने निकालात काढते, मादीचे यकृत तेच काम सावकाश करते. म्हणून ती उशिरा जागी होते. मात्र इतका ठळक लिंगभेद इतर प्राण्यांत सहसा दिसेना. तेव्हा ही उंदीर या एका जातीची खोड आहे, असा समज दृढ झाला. एखादी गोष्ट अपवाद ठरवली की तिच्याविषयी विचार करण्याची जबाबदारी टळते. विज्ञानाच्या क्षेत्रातही मनुष्यस्वभावाला याहून निराळा मार्ग सुचत नाही.

पुढील तीन दशकांत मात्र या ‘खोडी’चा जो उलगडा झाला तो जीवशास्त्राच्या इतिहासातील एक देखणा अध्याय मानावा लागेल. औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांचे एक मोठे कुटुंबच यकृतात नांदत असते. प्रकाशाच्या ४५० नॅनोमीटर तरंगलांबीपाशी उमटणाऱ्या त्यांच्या खुणेवरून जपानच्या ओमुरा आणि सातो यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांना ‘सायटोक्रोम पी-४५०’ हे नाव दिले. या कुटुंबातील एक सभासद, सीवायपी-२सी११, प्रौढ नर उंदराच्या यकृतात मुबलक असतो आणि मादीत जवळजवळ नसतोच. दुसरा, सीवायपी-२सी१२, मादीत भरपूर आणि नरात नगण्य. वयात येण्यापूर्वी पिलांमध्ये असा भेद ठळक नसतो. तारुण्य येते तसतसे नराच्या यकृतात एक जनुक जागे होते आणि दुसरे निजते. मादीत याच्या उलट घडते. दोघांकडेही ही जनुके असतात. कोणते वाचायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, एवढाच काय तो प्रश्न असतो.

हा हुकूम देतो कोण? वृषणांतून आणि बीजकोशांतून निघणारी संप्रेरके थेट यकृताला आज्ञा करीत असतील, हा साधा तर्क होता, आणि तो अपुरा ठरला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत यान-आके गुस्ताफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हा धागा चिकाटीने उलगडला. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी काढून टाकली की नर-मादीच्या यकृतांतील भेदच मावळतो, असे त्यांना दिसले. त्याहून नवलाची गोष्ट पुढे होती. ही ग्रंथी नराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली बसवली, म्हणजे मेंदूच्या नियंत्रणापासून तिला तोडले, तर त्या नराचे यकृत मादीच्या यकृतासारखे वागू लागते. तेव्हा पियूषिकेतून यकृताला ‘मादी’ बनवणारा एखादा अज्ञात पदार्थ पाझरत असावा असे अनुमान निघाले आणि त्याचा शोध सुरू झाला.

शोधाअंती जे हाती लागले ते कोणालाही अपेक्षित नव्हते. तो अज्ञात पदार्थ म्हणजे चांगले परिचयाचे वृद्धिसंप्रेरक होते, आणि ते तर नर-मादी दोघांच्याही रक्तात असते. मग भेद कशात? भेद होता तो त्याच्या लयीत. माँट्रियलमध्ये टॅनेनबाउम आणि मार्टिन यांनी १९७६ साली दाखवून दिले होते की, नर उंदराच्या रक्तात हे संप्रेरक दर सुमारे साडेतीन तासांनी उसळी घेते आणि दोन उसळ्यांच्या मध्ये जवळजवळ नाहीसे होते. स्वीडनचे स्टाफान एडेन यांनी १९७९ मध्ये नर आणि मादी यांची तुलना मांडली. मादीत उसळ्या लहान पण वरचेवर येतात आणि त्यांच्यामध्ये रक्त संप्रेरकावाचून कधी कोरडे पडत नाही. नराच्या अंगणात ठरल्या वेळी धो धो पाऊस पडतो आणि मग कडकडीत ऊन पडते; मादीच्या अंगणात दिवसभर रिपरिप चालू असते. १९८१ साली अग्नेता मोडे, गुस्ताफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नराच्या शरीरात वृद्धिसंप्रेरक अखंड, संथपणे सोडत राहण्याची व्यवस्था केली आणि त्याचे यकृत मादीच्या वळणावर गेले. नवा पदार्थ टोचावा लागला नाही. जो होता त्याचीच चाल बदलली.

पुढे बॉस्टनमध्ये डेव्हिड वॅक्समन व सहकाऱ्यांनी या लयीचे गणितही मांडले. पियूषिका काढलेल्या उंदरांना त्यांनी दिवसातून ठरावीक वेळा वृद्धिसंप्रेरक टोचले. १९९१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष मोठे उद्बोधक आहेत. दिवसाला दोनदा टोचले तरी नराचे विकर तयार होते, सहा वेळा टोचले तरी होते. पण सातव्यांदा टोचले की ते होईनासे होते. दोन मात्रांमध्ये सुमारे अडीच तासांची उसंत यकृताच्या पेशीला लागते, असा याचा अर्थ. उसंत मिळाली तर पेशी ‘नर’ हा निरोप वाचते, न मिळाली तर वाचत नाही. स्टॅट-५बी नावाचे प्रथिन या निरोपाचा जासूद आहे हे नंतर कळले. प्रत्येक उसळीसरशी ते पेशीच्या केंद्रकात शिरते, जनुकांवर जाऊन बसते आणि उसळी ओसरली की परतते. ज्या उंदरांत या प्रथिनाचे जनुक निकामी केले होते, त्यांच्यातील नरांची वाढ आणि त्यांचे यकृत या दोहोंतील नरपण ओसरल्याचे १९९७ साली दिसून आले. आज उंदरांच्या यकृतात नर-मादीगणिक कमीअधिक प्रमाणात वाचली जाणारी जनुके हजारांवर मोजली गेली आहेत.

मग लिंगग्रंथींचे काम काय? ते आहे, पण आडून. मेंदूचा जो भाग पियूषिकेला चालवतो, त्याची घडी जन्माच्या आसपासच्या काही दिवसांत बसते. त्या दिवसांत वृषणांतील संप्रेरकाचा स्पर्श झाला तर प्रौढपणी उसळ्यांची लय उमटते. जन्मतःच वृषणे काढली तर ती लय पुरती उमटत नाही. म्हणजे जन्मवेळी मेंदूत पडलेला ठसा, तारुण्यात त्यातून उमटणारी संप्रेरकाची लय आणि त्या लयीवरून यकृताने निवडलेली जनुके, अशी ही लांबलचक साखळी आहे. लिंगभेद हा जननेंद्रियांपुरता असतो आणि उरलेले शरीर स्त्री-पुरुषांत सारखेच, या समजुतीला हा मुळातूनच धक्का होता. पचनाच्या आणि विषनिवारणाच्या कामात गढलेला यकृतासारखा अवयवही आपण नराच्या देहात आहोत की मादीच्या, हे ‘जाणून’ असतो.

आता खरा प्रश्न येतो. इतके स्वच्छ ज्ञान हाती असताना त्यातून व्यवहाराने कोणता बोध घेतला? सरळ बोध असा असायला हवा होता की, औषधाची परीक्षा नर आणि मादी दोघांवर करावी आणि निष्कर्ष वेगवेगळे मांडावेत. असंख्य प्रयोगशाळांनी याच्या नेमका उलटा बोध घेतला. नर-मादीत फरक पडतो, तर मग मादी नकोच. एकट्या नरावर प्रयोग केला म्हणजे हिशेब सुटसुटीत राहतो! नव्या औषधाच्या विषारीपणाच्या औपचारिक चाचण्यांत दोन्ही लिंगांचे प्राणी घेण्याचा दंडक आहे, ही गोष्ट खरी. पण औषध ज्यातून जन्माला येते त्या मूलभूत संशोधनात नराचेच राज्य राहिले. बीअरी आणि झुकर यांनी २०११ साली घेतलेल्या आढाव्यात, चेताशास्त्रामध्ये केवळ माद्यांवर केलेल्या एका अभ्यासामागे केवळ नरांवर केलेले साडेपाच अभ्यास आढळले. ज्या भेदाने शास्त्रज्ञांना सावध करायचे, त्यालाच सबब करून अर्धी सृष्टी पिंजऱ्याबाहेर ठेवली गेली.

याचे समर्थन ठरलेले असे. मादीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे. त्याबरोबर तिची संप्रेरके चढउतार करणार. मग आकडे अस्थिर येणार. नर त्यामानाने स्थिर. या युक्तिवादातील विसंगती स्टॉकहोम आणि माँट्रियलच्या प्रयोगांनीच उघडी पाडली होती, हे मात्र कोणाला फारसे जाणवले नाही. ज्या नराला स्थिर म्हणून पसंती दिली, त्याच्या रक्तात वृद्धिसंप्रेरक दर साडेतीन तासांनी शिखर गाठते आणि तळाशी जाते. जिला चंचल ठरवले, तिच्या रक्तात तेच संप्रेरक त्यामानाने संथ वाहते. पुढे आकड्यांनीही हाच कौल दिला. प्रेंडरगास्ट, ओनिशी आणि झुकर यांनी २०१४ साली माऊस या लहान जातीच्या उंदरांवरील २९३ शोधनिबंधांचा मेळ घालून पाहिला, तेव्हा ऋतुचक्राची दखल न घेतलेल्या माद्यांमधील तफावत नरांतील तफावतीहून अधिक नसल्याचे आढळले. दोनच वर्षांनी मोठ्या पांढऱ्या उंदरांबाबतही हेच निष्पन्न झाले. म्हणजे ‘स्थिर नर’ ही प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट नव्हती. ती एक जुनी धारणा होती, आणि तिला प्रयोगशाळेचा पांढरा डगला चढवण्यात आला होता.

जनावरांच्या पिंजऱ्यातील ही रीत माणसांच्या चाचण्यांतही शिरली, पण तेथे तिचे कारण निराळे आणि अधिक करुण होते. थॅलिडोमाइड या औषधाने गर्भातील हजारो बालकांना पंगू केल्याचे १९६१ मध्ये उघडकीस आले आणि जग हादरले. त्या धसक्यातून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ साली मार्गदर्शक सूत्र काढले: ज्यांना मूल होण्याचा संभव आहे अशा स्त्रियांना औषधचाचण्यांच्या प्रारंभीच्या टप्प्यांतून वगळावे. स्त्री अविवाहित असो, गर्भनिरोधक वापरणारी असो, वा तिच्या पतीची नसबंदी झालेली असो, सूत्र सर्वांना सारखेच लागू होते. हेतू संरक्षणाचा होता, यात संशय नाही. परिणाम मात्र असा झाला की, मात्रा ठरवण्याच्या टप्प्यावर स्त्री अनुपस्थित राहिली आणि औषध बाजारात आल्यावर तीच मात्रा लाखो स्त्रियांनी घेतली. चाचणीतील शंभर स्त्रियांना ज्या धोक्यापासून जपले, तो बाजारातील सर्व स्त्रियांच्या माथी मारला गेला. आणि तेथे त्यांच्यावर लक्ष ठेवायला कोणी डॉक्टर वही घेऊन उभा नव्हता.

हे सूत्र १९९३ साली मागे घेतले गेले आणि त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने सरकारी पैशावर चालणाऱ्या रुग्णसंशोधनात स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक केला. प्रयोगशाळेतील प्राणी आणि पेशी यांच्या बाबतीत तशी अपेक्षा तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१४ मध्ये बोलून दाखवली आणि ती अमलात आली २०१६ च्या जानेवारीत. निकोलस आणि बॅरन यांच्या निरीक्षणाला तेव्हा ८४ वर्षे लोटली होती. दरम्यान किंमत मोजली जातच होती. १९९७ ते २००० या काळात अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलेल्या दहा औषधांपैकी आठ औषधांचा धोका स्त्रियांना अधिक होता, असा अहवाल तेथील काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००१ साली दिला. झुकर आणि प्रेंडरगास्ट यांनी २०२० साली ८६ औषधांची माहिती तपासली; त्यांतील ७६ औषधांचे प्रमाण, समान मात्रा घेऊनही, स्त्रियांच्या शरीरात चढे राहत असल्याचे त्यांना आढळले. दुष्परिणामांच्या तक्रारींचा कलही बहुधा त्याच दिशेचा होता.

या संदर्भात झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचे उदाहरण नेहमी दिले जाते. अमेरिकेत १९९२ मध्ये तिला मान्यता मिळाली. स्त्री-पुरुष दोघांनाही १० मिलिग्रॅमची मात्रा दिली जात असे. गोळी घेऊन आठ तास झाल्यावर, म्हणजे माणूस गाडी चालवत कामाला निघण्याच्या वेळी, रक्तात किती औषध उरते याची तपासणी झाली तेव्हा, वाहन चालवण्यास धोकादायक मानलेली पातळी सुमारे १५ टक्के स्त्रियांत आणि सुमारे ३ टक्के पुरुषांत आढळली. अखेर २०१३ च्या जानेवारीत स्त्रियांसाठी ही मात्रा निम्म्यावर, ५ मिलिग्रॅमवर, आणण्यात आली. १९३२ च्या उंदरांत निम्मी, २०१३ च्या स्त्रियांत निम्मी, आणि दोन्ही वेळा प्रश्न झोपेचाच! हा योगायोग इतका नेटका आहे की, त्यावरून घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह कोणालाही व्हावा.

आणि नेमके येथेच सावध राहिले पाहिजे. स्त्री म्हणजे मोठ्या आकाराची मादी उंदीर नव्हे. उंदरांतील सीवायपी-२सी११ आणि २सी१२ यांच्यासारखा ‘एकात आहे, दुसऱ्यात नाही’ असा भेद मानवी यकृतात आढळत नाही. स्त्री-पुरुषांच्या वृद्धिसंप्रेरकाच्या लयीत फरक असतो हे खरे, पण यकृताच्या विकरांवर उमटणारा त्याचा ठसा माणसांत पुष्कळच फिका आहे. कधी तर त्याची दिशाही उलटी असते. अनेक औषधांचा निकाल लावणारे सीवायपी-३ए४ हे मानवी विकर सर्वसाधारणपणे स्त्रियांच्या यकृतात पुरुषांहून अधिक असते. त्यामुळे काही औषधे स्त्रीचे शरीर अधिक लवकर बाहेर टाकते. झोल्पिडेमचे विघटनही मुख्यतः याच विकराकडून होते, तरी ते स्त्रियांत अधिक रेंगाळते. शरीराचे वजन, मेदाचे प्रमाण, मूत्रपिंडांची क्षमता असे इतर हिशेबही त्यात मिसळलेले असतात. झोल्पिडेमच्या निर्णयावर तज्ज्ञांत पुढे मतभेद झाले आणि युरोपच्या नियंत्रकांनी स्त्रियांसाठी निराळी मात्रा ठरवली नाही. तेव्हा उंदराच्या आकड्यावरून स्त्रीची मात्रा निम्मी करणे, हे नराच्या आकड्यावरून ती पुरी ठेवण्याइतकेच अडाणीपणाचे होईल.

परंतु उत्तर ठाऊक नसणे निराळे आणि प्रश्नच न विचारणे निराळे. उंदराच्या यकृताने आकडा शिकवला नाही. लिंग हा घटक औषधाच्या वाटचालीत ढवळाढवळ करू शकतो आणि ती कोणत्या दिशेने होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून दर वेळी मोजून पाहावे लागते, इतके शिकवले. ‘माणसांत फरक सौम्य आहे’ हे विधानसुद्धा दोन्ही बाजू मोजल्यावरच करता येते. आणि सौम्य फरकाचेही महत्त्व औषधागणिक बदलते. ज्या औषधाची उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांत मोठे अंतर आहे, तेथे थोडाफार फरक सोसतो. जेथे ते अंतर निमुळते आहे, तेथे तो फरक जिवावर बेतू शकतो.

आणखी एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. स्त्री-पुरुषांतील शारीरिक भेदांची चर्चा आजवर स्त्रीला कमी लेखण्यासाठीच झाली. आता विज्ञानाच्या नावाने तीच पुन्हा उकरून का काढायची, असे स्त्रियांच्या हक्कांविषयी आस्था असणाऱ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. मेंदूच्या वजनापासून स्वभावाच्या चंचलतेपर्यंत नाना मोजमापे या कामी राबवली गेली, हे नाकारता येणार नाही. तथापि वृद्धिसंप्रेरकाच्या कथेतून श्रेष्ठ-कनिष्ठतेचा निवाडा निघतच नाही. मादीचे यकृत हे नराच्या यकृताची अपुरी आवृत्ती नव्हे. तीच जनुके, तेच संप्रेरक, फक्त लय निराळी. समान वागणूक म्हणजे दोघांना एकाच मापाचा अंगरखा शिवणे नव्हे. दोघांचेही माप घेणे, ही खरी समानता.

भारतापुरते बोलायचे तर हा प्रश्न परका नाही. जगभर खपणारी मूळ नावाची औषधे बनवणाऱ्या देशांत भारताची गणना होते, आणि नवे उत्पादन मूळ औषधाशी तुल्य आहे की नाही याच्या चाचण्या येथे मोठ्या संख्येने होतात. त्यांसाठी निवडले जाणारे स्वयंसेवक प्रथेने बहुतांशी निरोगी तरुण पुरुषच असतात. संशोधनात सहभागी होण्याचा स्त्रियांना समान हक्क आहे आणि त्यांना निष्कारण वगळू नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. तत्त्व चांगले आहे. पण चाचणीत स्त्रिया घेणे आणि त्यांचे आकडे वेगळे मांडणे या दोन गोष्टी आहेत. स्त्रिया घेतल्या आणि त्यांचे आकडे पुरुषांच्या आकड्यांत मिसळून एकच सरासरी काढली, तर त्या असून नसल्यासारख्याच. वही दोघांची हवी आणि पानेही वेगळी हवीत.

यासाठी फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या प्रत्येक प्राणिप्रयोगात नर-मादी दोन्ही घ्यावेत, आणि एकच घ्यायचे असेल तर त्याचे कारण लेखी मागावे. नियंत्रकांकडे येणाऱ्या चाचण्यांत स्त्री-पुरुषांचे निष्कर्ष निराळे नोंदवणे अपरिहार्य करावे. दुष्परिणामांच्या नोंदींतही हाच भेद पाळावा. आणि औषधाच्या पत्रकात, जेथे फरक आढळला तेथे तो, आणि जेथे तपासलाच गेला नाही तेथे ‘तपासलेला नाही’ हे तरी प्रामाणिकपणे छापावे. खर्च वाढेल, ही तक्रार होईल. प्राण्यांची संख्या दुप्पट करावी लागतेच असे नाही. आहे तीच संख्या दोघांत वाटूनही मोठे फरक ध्यानात येतात. आणि बाजारातून मागे घ्यावे लागलेले औषध हे सर्वांत महाग औषध असते, मोजणाराने ही बाजूही मोजावी.

पियूषिका काढलेल्या उंदरांनी एक गोष्ट सिद्ध केली: यकृत संप्रेरकाची उसळी ऐकते, तसेच दोन उसळ्यांमधील स्तब्धताही ऐकते. औषधशास्त्राच्या वहीतही अशी एक स्तब्धता दीर्घकाळ पडून होती. स्त्रियांच्या रकान्यात आकडा नव्हता, आणि तो नाही याचाच अर्थ ‘फरक नाही’ असा लावला गेला. तो रकाना भरण्यास आता सुरुवात झाली आहे. तो पुरा भरेपर्यंत वेष्टनावरील ‘प्रौढ’ या शब्दामागे नेमका कोण उभा आहे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक रुग्ण स्त्रीला आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांत देणे हे औषध करणाऱ्यांचे आणि त्याला परवाना देणाऱ्यांचे कर्तव्य आहे.